एएसओचा आकडा आणि पेनिसिलिनची बारा वर्षे

नऊ-दहा वर्षांच्या मुलाचे पाय रात्री दुखतात, अधूनमधून घसा धरतो, कधी बारीक ताप येऊन जातो. पालक काळजीत पडतात, डॉक्टर रक्ताच्या पाच-सहा तपासण्या एकदम लिहून देतात आणि हाती येणाऱ्या रिपोर्टात एका ओळीवर ‘एएसओ : ४००’ असा आकडा ठळक अक्षरांत छापलेला असतो. शेजारच्या रकान्यात ‘२०० पेक्षा कमी’ अशी मर्यादा दिलेली असते. या दोन आकड्यांमधल्या फरकावर पुष्कळदा ऱ्हुमॅटिक तापाचे, म्हणजे घशाच्या संसर्गानंतर सांधे आणि हृदय यांना ग्रासणाऱ्या आजाराचे, निदान उभे राहते आणि दर तीन-चार आठवड्यांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन घ्यायचे ठरते. एकदा ते ठरले की पुढे त्या पहिल्या निदानाकडे कुणी नव्याने पाहतेच असे नाही. स्ट्रेप्टोकॉकस जंतूच्या संसर्गाचा माग काढणारी ही चाचणी उपयोगाची आहे, आणि ती बंद करावी असे मी मुळीच म्हणणार नाही. परंतु ती ज्या रीतीने मागवली जाते, छापली जाते आणि वाचली जाते ती रीत सदोष आहे, आणि ती सुधारण्याचे काम एकेका डॉक्टरच्या विवेकावर सोडून भागणार नाही. प्रयोगशाळा, वैद्यकीय संघटना आणि आरोग्य खाती यांनी त्यासाठी नियम घालून दिले पाहिजेत.

ही चाचणी मुळात काय मोजते, हे आधी पाहू. घसादुखीला कारणीभूत होणाऱ्या जंतूंमध्ये ‘अ’ गटाचा स्ट्रेप्टोकॉकस महत्त्वाचा आहे. तांबड्या रक्तपेशी फोडणारे स्ट्रेप्टोलायसिन-ओ नावाचे विष तो सोडतो, शरीर त्या विषाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, आणि रक्तातले त्या प्रतिपिंडांचे (अँटीबॉडींचे) प्रमाण म्हणजे अँटी-स्ट्रेप्टोलायसिन-ओ, अर्थात एएसओ. ई. डब्ल्यू. टॉड यांनी १९३२ साली त्यांचे वर्णन केले, आणि म्हणूनच बराच काळ हे प्रमाण ‘टॉड युनिट’मध्ये सांगितले जाई. संसर्गानंतर साधारण आठवड्याभराने ही प्रतिपिंडे वाढू लागतात, तीन ते पाच आठवड्यांच्या सुमारास सर्वांत जास्त असतात आणि नंतर कित्येक महिने हळूहळू उतरत जातात. तेव्हा वाढलेला एएसओ फार तर एवढे सांगतो, की गेल्या काही महिन्यांत शरीराची या जंतूशी गाठ पडली असावी. ‘असावी’ म्हणण्याचे कारण असे, की ‘क’ आणि ‘ग’ गटांतले काही स्ट्रेप्टोकॉकसही हेच विष तयार करतात. तो जंतू आज शरीरात आहे का, आणि त्याच्यामुळे हृदय किंवा सांधे बिघडले का, या प्रश्नांची उत्तरे या आकड्यात नसतात. ज्यांना आपण मोजतो ती प्रतिपिंडे हृदयाला इजाही करत नाहीत. ऱ्हुमॅटिक ताप होतो तो जंतूच्या अन्य घटकांविरुद्ध, विशेषतः त्याच्या पृष्ठभागावरील एम-प्रथिनाविरुद्ध, उठलेली प्रतिकारशक्ती आपल्याच ऊतींवर उलटल्यामुळे.

मग एवढी मर्यादित माहिती देणारी चाचणी निदानात आली तरी कशी, असा प्रश्न कुणालाही पडेल. त्याचे उत्तर रोगाच्या वेळापत्रकात आहे. ऱ्हुमॅटिक ताप घसादुखीनंतर साधारण दोन-तीन आठवड्यांनी डोके वर काढतो. तोवर घसा बरा झालेला असतो, घशाच्या स्वॅबमध्ये बहुसंख्य रुग्णांत जंतू सापडत नाही, आणि घसा दुखल्याचे अनेकांना आठवतही नाही. अशा वेळी संसर्ग होऊन गेल्याचा पुरावा मिळवण्यासाठी रक्तातल्या प्रतिपिंडांखेरीज दुसरा भरवशाचा मार्ग नसतो. टी. डकेट जोन्स यांनी १९४४ मध्ये या रोगाच्या निदानाचे निकष मांडले, आणि १९६५ च्या सुधारणेत अलीकडच्या स्ट्रेप संसर्गाचा पुरावा ही निदानाची अट झाली. हृदयदाह, सांध्यांची सूज, कोरिया म्हणजे हातापायांच्या अनावर हालचाली, त्वचेवरचे वलयाकार लाल चट्टे आणि त्वचेखालच्या गाठी ही मुख्य लक्षणे. ताप, सांधेदुखी, ईएसआर किंवा सीआरपी हे रक्तातले दाहाचे निदर्शक वाढणे आणि ईसीजीवरील पीआर अंतर लांबणे, म्हणजे हृदयातला विद्युत्-संदेश रेंगाळणे, ही गौण लक्षणे. दोन मुख्य, किंवा एक मुख्य आणि दोन गौण लक्षणे असतील आणि सोबत संसर्गाचा पुरावा असेल, तर पहिल्या झटक्याचे निदान करता येते. या मांडणीत एएसओची जागा कुठे आहे, हे नीट पाहण्यासारखे आहे. तो मुख्य लक्षणांतही नाही आणि गौण लक्षणांतही नाही. ज्या मुलाच्या बाबतीत लक्षणांचे गणित आधीच जुळले आहे, त्याच्यापुरताच त्याला अर्थ आहे. निकषांची ही चौकट बाजूला सारून नुसत्या आकड्यावर निदान करणे म्हणजे पुराव्यालाच निकाल समजणे होय.

आता त्या ‘२०० पेक्षा कमी’कडे वळतो, कारण गैरसमजाचे मूळ तिथे आहे. रक्तातली साखर किंवा हिमोग्लोबिन यांची जी मर्यादा रिपोर्टात छापली जाते, तिच्या आत निरोगी माणसांपैकी बहुतेक सगळे, साधारणतः पंच्याण्णव टक्के, बसतील अशी ती आखलेली असते. स्ट्रेप प्रतिपिंडांची मर्यादा अशी ठरत नाही. या जंतूशी लहानपणी सगळ्यांचीच वारंवार गाठ पडत असल्यामुळे निरोगी मुलांच्या रक्तातही ही प्रतिपिंडे असतातच. म्हणून निरोगी लोकसंख्येतील ऐंशी टक्के व्यक्ती ज्याच्या खाली येतात तो आकडा वरची मर्यादा म्हणून धरायचा, असा संकेत आहे. याचा सरळ अर्थ असा की निरोगी मुलांपैकी दर पाचांतले एक मूल व्याख्येनेच मर्यादेच्या वर असते. हा चाचणीचा दोष नाही. ती मर्यादा मुद्दाम तशी राखलेली आहे, कारण खऱ्या रुग्णांपैकी शक्य तितके तिच्या जाळ्यात यावेत हा हेतू आहे. पण रिपोर्ट वाचणाऱ्याला हे ठाऊक नसते. साखरेच्या ओळीत आणि एएसओच्या ओळीत मर्यादा एकाच पद्धतीने छापलेली असते, वाढलेला आकडा दोन्हीकडे सारखाच ठळक केलेला असतो, आणि दोन्हींचा अर्थ सारखाच असणार असे मानले जाते.

शिवाय ही मर्यादा वयानुसार आणि प्रदेशानुसार बदलते. फिजीमध्ये निरोगी व्यक्तींच्या रक्ताचा अभ्यास करून वयोगटांनुसार जे आकडे काढले गेले आणि पुढे ऑस्ट्रेलियाच्या मार्गदर्शक सूचनांत घेतले गेले, त्यांत पाच ते चौदा वर्षांच्या मुलांसाठी एएसओची वरची मर्यादा २७६ आहे, तर पस्तीस वर्षांवरील व्यक्तींसाठी १२७. आता सर्वांना एकच २०० ची रेषा लावली तर काय होईल, याचा विचार करावा. शाळकरी वयाची बरीचशी निरोगी मुले रेषेच्या वर जातील आणि ज्या प्रौढाला खरोखर अलीकडे संसर्ग झाला आहे त्याचा १८० हा आकडा ‘नॉर्मल’ ठरेल. एकाच चुकीच्या रेषेने लहानांना आजारी आणि मोठ्यांना निरोगी ठरवावे, यापरते दुर्दैव कोणते? आपल्या भागातील निरोगी मुलांचे रक्त तपासून स्वतःची मर्यादा ठरवण्याचे काम प्रयोगशाळांनी एकत्र येऊन करणे अवघड नाही. किटच्या डब्यातील पत्रकावर छापलेला आकडा जसाच्या तसा रिपोर्टात उतरवणे सोपे असते, म्हणून ते काम राहून जाते.

साधी काचपट्टीवरची चाचणी कशी होते ते पाहिले, तर त्या ४०० ला किती वजन द्यायचे हे आपोआप कळते. गडद रंगाच्या पट्टीवर रुग्णाच्या सीरमचा, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या द्रवाचा, एक थेंब ठेवतात आणि त्याशेजारी दुधाळ रंगाच्या लेटेक्स द्रावाचा एक थेंब टाकतात. त्या द्रावातल्या सूक्ष्म कणांवर स्ट्रेप्टोलायसिन-ओचा लेप असतो. प्लॅस्टिकच्या काडीने दोन्ही थेंब कालवून पट्टी हातात धरतात आणि दोन मिनिटे हलके हलके गोल फिरवत राहतात. दुधाळपणा फाटून बारीक रवाळ गुठळ्या दिसल्या, तर प्रतिपिंडे २०० युनिटांच्या वर आहेत असे समजायचे. मग सीरम दुप्पट पातळ करून तेच पुन्हा करायचे आणि गुठळ्या दिसेनाशा होईपर्यंत पातळ करत जायचे. म्हणून अशा रिपोर्टांत २००, ४००, ८०० असेच आकडे येतात, २७० किंवा ३३० कधीच येत नाहीत. एका पायरीचा फरक या पद्धतीच्या अंगभूत चुकीत बसतो; तोच नमुना दोन जणांनी वाचला तर एकाला २०० आणि दुसऱ्याला ४०० दिसू शकतात. दोन मिनिटांऐवजी आणखी थोडा वेळ पट्टी तशीच राहिली तर थेंब कडेने सुकू लागतो आणि नसलेल्या गुठळ्या दिसू लागतात. नमुना जंतूंनी दूषित झालेला असेल किंवा रुग्णाला यकृताचे काही आजार असतील, तरीही आकडा खोटा वाढू शकतो. यंत्रावर नेफेलोमेट्रीने, म्हणजे द्रावातून विखुरणारा प्रकाश मोजून, केलेली मोजणी याहून पुष्कळ नेमकी असते, पण रिपोर्टात चाचणीची पद्धत लिहिली नसेल, तर हा आकडा काचपट्टीवरचा आहे की यंत्रावरचा हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

हे सगळे एकत्र धरून एक हिशेब मांडतो. आकडे केवळ समजण्यासाठी गृहीत धरले आहेत. समजा, पाय दुखतात म्हणून आलेल्या १००० मुलांची एएसओ चाचणी केली, आणि त्यांतल्या फक्त दोघांना खरोखर ऱ्हुमॅटिक ताप आहे. या रोगाच्या सुमारे ऐंशी टक्के रुग्णांत एएसओ वाढलेला आढळतो. म्हणजे त्या दोघांपैकी एकाचा किंवा दोघांचाही आकडा वाढलेला येईल. उरलेल्या ९९८ मुलांपैकी दर पाचांतला एक, म्हणजे जवळपास २०० मुले, काहीही रोग नसताना मर्यादेच्या वर जातील. ‘एएसओ वाढला’ अशा दोनशे रिपोर्टांतून खरे रुग्ण एक किंवा दोन. याउलट, ज्या मुलाचा आज गुडघा आणि परवा घोटा सुजतो आहे, अंगात ताप आहे, हृदयात नवीन मर्मर (ठोक्यांमधला जादा आवाज) ऐकू येते आहे, त्याच्या बाबतीत तोच वाढलेला आकडा निदानाला भक्कम आधार देतो. चाचणी तीच, सीरमचा थेंब तसाच. फरक पडतो तो ती कुणाची केली यामुळे. म्हणून मला वाटते की या विषयातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय प्रयोगशाळेत होतच नाही. तपासणीची चिठ्ठी लिहिताना तो होऊन गेलेला असतो.

वाढीच्या वयातली पायदुखी आणि ऱ्हुमॅटिक तापाची सांधेदुखी यांत फरक करणे बहुतेक वेळा हाताने आणि कानाने जमते, हे इथे सांगितले पाहिजे. पहिल्या प्रकारात मूल संध्याकाळी किंवा रात्री दोन्ही पोटऱ्या, मांड्या दुखतात म्हणून रडते, चोळून दिले की झोपते आणि सकाळी उठून धावत सुटते. सांधा सुजलेला नसतो, गरम नसतो, लंगडणेही नसते. दुसऱ्या प्रकारात मोठे सांधे एकामागून एक धरतात, सुजतात, इतके दुखतात की पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही, आणि अॅस्पिरिनसारखे औषध दिल्यावर दोन-तीन दिवसांत आश्चर्यकारक उतार पडतो. या तपासणीला दहा मिनिटे लागतात. ती झाली तर बहुसंख्य मुलांची एएसओ चाचणी करण्याची गरजच उरत नाही.

या चाचणीवरचा आंधळा विश्वास उलट बाजूनेही घात करतो, आणि ही बाजू फारशी चर्चेत येत नाही. ऱ्हुमॅटिक तापाच्या सुमारे एक पंचमांश रुग्णांत एएसओ वाढलेला नसतो. कोरिया तर संसर्गानंतर कित्येक महिन्यांनीही उद्भवू शकतो आणि तोवर प्रतिपिंडे उतरून गेलेली असतात; म्हणूनच जोन्स निकषांत कोरियाला संसर्गाच्या पुराव्याच्या अटीतून सूट दिलेली आहे. संसर्ग त्वचेवरच्या पू भरलेल्या फोडांतून झालेला असेल, तर त्वचेतील स्निग्ध द्रव्यांमुळे स्ट्रेप्टोलायसिन-ओ निष्प्रभ होते आणि एएसओ फारसा वाढत नाही. अशाच संसर्गानंतर काही आठवड्यांनी मुलाच्या डोळ्यांभोवती सूज येते, लघवी चहाच्या रंगाची होते, रक्तदाब वाढतो, आणि मूत्रपिंडदाहाचे हे चित्र समोर असताना ‘एएसओ नॉर्मल आहे’ म्हणून स्ट्रेपचा विचारच सोडून दिला जाण्याचा धोका असतो. तिथे अँटी-डीएनेज-बी या दुसऱ्या प्रतिपिंडाची चाचणी कामाची असते. ते सावकाश वाढते, सहा ते आठ आठवड्यांनी शिखर गाठते आणि एएसओपेक्षा जास्त काळ टिकते. दोन्ही चाचण्या एकत्र केल्या तर ऱ्हुमॅटिक तापाचे दहांपैकी नऊ रुग्ण त्यांत सापडतात. त्याहून उत्तम म्हणजे दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन नमुने घेऊन प्रमाण खरोखर चढले किंवा उतरले का ते पाहणे, कारण एकच आकडा स्थिर चित्र देतो आणि संसर्ग ताजा आहे हे सिद्ध होते ते बदलावरून. हे वैद्यकीय पाठ्यपुस्तकांत कधीपासून लिहिलेले आहे. प्रत्यक्षात अँटी-डीएनेज-बी अनेक ठिकाणी उपलब्ध नसते आणि दुसरा नमुना घ्यायला रुग्णाला परत बोलावणे क्वचितच होते.

चुकलेल्या निदानाची किंमत नेमकी किती, हे मोजून पाहिले पाहिजे. हृदयाला इजा नसलेल्या ऱ्हुमॅटिक तापानंतर पेनिसिलिन पाच वर्षे किंवा वयाच्या एकविसाव्या वर्षापर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर द्यावे, अशी अमेरिकन हार्ट असोसिएशनची शिफारस आहे. नऊ वर्षांच्या मुलीवर हे निदान चिकटले तर तिची बारा वर्षे त्यात जातात. दर चार आठवड्यांनी एक म्हटले तरी १५६ इंजेक्शने होतात. दर तीन आठवड्यांनी घेतली तर दोनशेच्या वर. या इंजेक्शनातले बेंझाथिन पेनिसिलिनचे मिश्रण घट्ट असते, त्याला जाड सुई लागते, ते स्नायूत खोल द्यावे लागते आणि त्यानंतर तासन्‌तास दुखते. तीव्र अॅलर्जीची प्रतिक्रिया क्वचित येते, पण येते तेव्हा जिवावर बेतू शकते. ज्या मुलाला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी हे सगळे सोसणे योग्यच आहे, कारण त्यावर त्याच्या हृदयाच्या झडपा अवलंबून आहेत. परंतु ज्याला काहीच झालेले नाही त्याने बारा वर्षे दर महिन्याला त्या सुईसमोर उभे राहावे, खेळाच्या तासाला बाकावर बसावे, घरच्यांनी त्याच्या प्रत्येक दमण्याकडे धास्तीने पाहावे, आणि हे सर्व एका काचपट्टीवरच्या गुठळ्यांमुळे, हा अन्याय आहे. तो अनवधानाने होतो म्हणून त्याचे अन्यायपण कमी होत नाही.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो हलक्याने घेण्यासारखा नाही. ऱ्हुमॅटिक हृदयरोगाने जगात दरवर्षी तीन लाखांहून अधिक माणसे मरतात, त्यांतली बरीचशी तरुण असतात, आणि जिथे हृदयरोगतज्ज्ञ नाही, हृदयाची सोनोग्राफी करणारे एको यंत्र नाही, रुग्ण पुन्हा येईल याची खात्री नाही, तिथे काम करणाऱ्या डॉक्टरने एखादे मूल सुटू देण्यापेक्षा दहा जणांना जास्तीची इंजेक्शने दिली तर बिघडले कुठे, असा तो आक्षेप आहे. त्यामागची तळमळ खरी आहे. २०१५ च्या सुधारित जोन्स निकषांनीही या अडचणीची दखल घेतली: ज्या समाजात हा रोग जास्त आहे तिथे एकाच सांध्याची सूज, किंवा दुसरी कारणे वगळल्यानंतर अनेक सांध्यांचे नुसते दुखणेही, मुख्य लक्षण म्हणून धरता येते. म्हणजे नेमक्या अशाच ठिकाणी एएसओच्या आकड्यावर निदानाचा भार अधिक पडतो. परंतु अशाच ठिकाणी जंतूचा वावरही जास्त असल्यामुळे निरोगी मुलांचे आकडे मुळातच चढे असतात. तेव्हा रोग जितका जास्त, तितकी तिथली मर्यादा नेमकी माहीत असण्याची गरज जास्त. ‘वेळ नाही, साधने नाहीत’ हे कारण चाचणी ढोबळपणे वाचण्याच्या बाजूने लागू पडत नाही.

शिवाय रोग टाळण्याची जी खरी संधी आहे, ती एएसओच्या वाटेने येतच नाही. १९५० च्या सुमारास अमेरिकेतील वायोमिंगमधल्या वॉरन लष्करी तळावर डेनी, वॅनामेकर, रॅमेलकँप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्ट्रेप घसादुखीवर पेनिसिलिन दिले तर ऱ्हुमॅटिक ताप टळतो, हे दाखवून दिले. घसा दुखू लागल्यापासून नऊ दिवसांच्या आत उपचार सुरू झाला तरी हे संरक्षण मिळते, असेही पुढे दिसून आले. या नऊ दिवसांत एएसओ जेमतेम चढू लागलेला असतो, आणि तो पुरता चढतो तोवर ही मुदत उलटून गेलेली असते. आज दुखणारा घसा स्ट्रेपचा आहे का, हे ओळखायला स्वॅब किंवा जलद प्रतिजन चाचणी लागते. त्यासाठी एएसओ मागवणे व्यर्थ आहे, आणि तरीही तो मागवला जातो.

दुसरा पुरावा अलीकडचा आहे. युगांडात झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणी-प्रयोगात, शाळकरी वयातील ज्या मुलांच्या झडपांत एकोवर सुप्त ऱ्हुमॅटिक बिघाड दिसला त्यांतल्या निम्म्यांना दोन वर्षे दर चार आठवड्यांनी पेनिसिलिन दिले गेले. पेनिसिलिन मिळालेल्यांपैकी ०.८ टक्के मुलांचा बिघाड वाढला, न मिळालेल्यांपैकी ८.२ टक्के मुलांचा. इंजेक्शन किती मोलाचे आहे हे यावरून कळते, आणि ते कुणाला द्यायचे हे कशावरून ठरवले हेही कळते: झडपा डोळ्यांनी पाहून. म्हणून ज्यांना हा रोग सुटू नये अशी खरी काळजी आहे, त्यांनी एको तपासणी गावोगाव कशी पोहोचेल यासाठी आग्रह धरावा. बेंझाथिन पेनिसिलिनचा तुटवडा जगात अनेक देशांनी अनुभवला आहे. जे औषध सगळ्यांना पुरत नाही ते निरोगी मुलांना टोचत राहिलो, तर ज्याच्या झडपा खरोखर गळत आहेत त्याची वेळेवरची सुई चुकण्याला आपणही हातभार लावतो.

या गैरवापराला आणखी काही फाटे फुटलेले आहेत. उपचार लागू पडतो आहे का हे पाहण्यासाठी दर काही महिन्यांनी एएसओ करून घेण्याची पद्धत त्यांपैकी एक. पेनिसिलिन जंतू मारते, आधीच तयार झालेली प्रतिपिंडे पुसून टाकत नाही, त्यामुळे आकडा उतरला नाही म्हणून औषध वाढवणे किंवा उतरला म्हणून बंद करणे दोन्ही निराधार आहे. केवळ एएसओ चढा आहे म्हणून टॉन्सिल काढून टाकण्याचा सल्ला त्याच पठडीतला. मुलांमध्ये अचानक उद्भवणारे मंत्रचळ आणि टिक, म्हणजे स्नायूंचे अनावर झटके, यांचा स्ट्रेपशी संबंध असावा, अशी मांडणी १९९८ पासून चर्चेत आहे, आणि त्या आधारे अशा मुलांचाही एएसओ पाहिला जातो. पण ज्या वयात दर पाचांतल्या एका निरोगी मुलाचा आकडा चढा असतो, त्या वयात एकट्या आकड्यावरून कार्यकारणसंबंध लावणे किती धोक्याचे आहे हे वेगळे सांगायला नको.

मग करायचे काय? माझ्या मते पहिला बदल प्रयोगशाळांच्या ‘पॅकेज’पासून झाला पाहिजे. सांधेदुखीच्या नावाने एकत्र बांधलेल्या तपासण्यांच्या संचात एएसओ घालणे बंद व्हावे, कारण संचातून आलेल्या आकड्यामागे कुणाचाही वैद्यकीय प्रश्न नसतो. ही चाचणी स्वतंत्र मागवावी लागावी आणि चिठ्ठीवर संशयित रोग व त्याची लक्षणे एका ओळीत लिहिणे बंधनकारक असावे. एवढी एक ओळ लिहिताना डॉक्टरला हृदय ऐकावे लागेल आणि सांधे पाहावे लागतील, हाच तिचा खरा उपयोग. रिपोर्टात चाचणीची पद्धत, वयानुसार मर्यादा आणि ‘निरोगी मुलांपैकी सुमारे वीस टक्के मुलांचे प्रमाण यापेक्षा जास्त असते’ हे वाक्य छापलेले असावे. या वाक्याला शाईखेरीज काही लागत नाही, आणि रात्री रिपोर्ट हातात घेऊन बसलेल्या आईवडिलांना त्याने जो धीर मिळेल तो दुसऱ्या कशाने मिळणार नाही. जिल्हा पातळीवरील मोठ्या प्रयोगशाळेत तरी अँटी-डीएनेज-बी उपलब्ध करून देणे ही आरोग्य खात्याची जबाबदारी मानली जावी. जागतिक आरोग्य सभेने २०१८ मध्ये ऱ्हुमॅटिक ताप आणि ऱ्हुमॅटिक हृदयरोग यांच्याविरुद्ध ठराव केला आहे. त्याची अंमलबजावणी म्हणजे केवळ जास्त इंजेक्शने नव्हेत, योग्य मुलापर्यंत पोहोचलेली इंजेक्शने, असा अर्थ देशांनी घ्यायला हवा.

डॉक्टरांवर येणारा दबावही मान्य केला पाहिजे. पालकांना काहीतरी ठोस हवे असते आणि ‘तपासणीची गरज नाही’ हे वाक्य पुष्कळांना हयगयीसारखे वाटते. म्हणून वैद्यकीय संघटनांनी स्पष्ट लेखी सूचना काढणे महत्त्वाचे आहे: लक्षणांचे निकष पूर्ण होत नसताना केवळ एएसओवरून दीर्घकालीन पेनिसिलिन सुरू करू नये, आणि संशय असेल तर एको करून घ्यावा. असा कागद हाताशी असला की एकट्या डॉक्टरला पालकांच्या आग्रहापुढे उभे राहणे सोपे जाते.

राहता राहिला प्रश्न आज इंजेक्शने घेत असलेल्या मुलांचा. त्यांतल्या कुणाचे निदान खरे आणि कुणाचे केवळ आकड्यावरचे, हे बाहेरून सांगता येत नाही, आणि म्हणून हा मजकूर वाचून कुणीही स्वतःच्या मनाने इंजेक्शन थांबवू नये. ज्याला खरोखर ऱ्हुमॅटिक ताप होऊन गेला आहे त्याला एका नव्या संसर्गाने दुसरा झटका येऊ शकतो आणि त्यात झडपा कायमच्या निकामी होऊ शकतात. परंतु पालकांना विचारण्याचा हक्क आहे. निदान झाले तेव्हा कोणती मुख्य लक्षणे होती, ती कुठे लिहून ठेवली आहेत, हृदयाची एको तपासणी कधी झाली, हे त्यांनी विचारावे आणि जुने कागद घेऊन बालहृदयरोगतज्ज्ञाकडे जावे. आरोग्य खात्यांनी नोंदणी केलेल्या प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा अशी फेरतपासणी ठेवावी, आणि निदान टिकत नसेल तर तसे लेखी प्रमाणपत्र द्यावे. शाळेच्या, दवाखान्याच्या आणि घरच्या फायलीत एकदा चिकटलेला ‘हृदयरोगी’ हा शब्द तोंडी सांगून निघत नाही. तो काढायलाही सही-शिक्क्याचा कागदच लागतो.